आठशे सहा फायली आणि एक न्यायमूर्ती

१९१८ साली बंगालमधल्या ८०६ स्थानबद्धांची प्रकरणे सरकारने दोन माणसांपुढे ठेवली. एक कलकत्ता हायकोर्टाचे न्या. बीचक्रॉफ्ट आणि दुसरे मुंबई हायकोर्टातून निवृत्त झालेले सर नारायण गणेश चंदावरकर. या स्थानबद्धांवर कोर्टात खटला चाललेला नव्हता. भारत संरक्षण कायदा किंवा १८१८ चे रेग्युलेशन ३ यांच्या आधारे सरकारने त्यांना उचलून ठेवले होते. दोघांनी सगळ्या फायली पाहिल्या आणि मत दिले की ८०० जणांना अडकवायला पुरेसे कारण आहे, ६ जणांना सोडावे. म्हणजे शंभरात नव्व्याण्णवांहून जास्त वेळा सरकार बरोबर ठरले.

चंदावरकर हे काही सरकारच्या खिशातले गृहस्थ नव्हते. म्हणून तर हा आकडा नीट पाहायला हवा.

निवृत्त न्यायमूर्तींनी सरकारी पद घ्यावे का, हा वाद आपल्याकडे दर काही वर्षांनी पेटतो. कुणी राज्यपाल होतो, कुणी राज्यसभेत जातो, आठवडाभर अग्रलेख येतात आणि विषय मिटतो. पदाचा मोह हा प्रश्न आहेच, पण तो सोपा आहे. त्याहून अवघड प्रकार असा की सरकार न्यायमूर्तीला कोर्टाबाहेर नेते, वकील, उलटतपासणी, अपील ही कोर्टाची हत्यारे काढून घेते आणि मग त्याच्याकडून ‘निवाडा’ करून घेते. खाली सही न्यायमूर्तीची असते, लोकही ती तशीच वाचतात. चंदावरकरांची सारी कारकीर्द शेजारी ठेवून पाहिली की यात काय बिघडते ते दिसते.

चंदावरकरांचा जन्म २ डिसेंबर १८५५ चा, उत्तर कानड्यातल्या होनावरचा. शिक्षण मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजात, कायद्याची पदवी १८८१ ची. वकिलीबरोबर ‘इंदुप्रकाश’च्या इंग्रजी बाजूचे संपादन. १८८५ साली ब्रिटनमधल्या निवडणुकीआधी हिंदुस्थानची बाजू तिथल्या मतदारांपुढे मांडायला जे तीन प्रतिनिधी गेले त्यांत मुंबईचे चंदावरकर होते. डिसेंबर १९०० मध्ये लाहोर काँग्रेसचे ते अध्यक्ष झाले. १६ जानेवारी १९०१ रोजी न्या. रानडे वारले आणि त्याच वर्षी चंदावरकर हायकोर्टाच्या न्यायासनावर आले. काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून काही महिन्यांत न्यायमूर्ती! आज असे झाले तर काय गदारोळ होईल याची कल्पना करा.

तरी त्यांच्या या प्रवेशात मला फारसे वावगे दिसत नाही. त्या काळी हायकोर्टाची रचना १८६१ च्या कायद्याने ठरलेली होती. किमान एक तृतीयांश जागा बॅरिस्टरांच्या, किमान एक तृतीयांश मुलकी सेवेतल्या अधिकाऱ्यांच्या. उरलेल्यांत खालच्या कोर्टांतले न्यायाधीश आणि दहा वर्षे वकिली केलेले वकील. सरकारी कारभारातला अधिकारी तीन वर्षे जिल्हा न्यायाधीशाचे काम केले की हायकोर्टात बसू शकत होता, त्याला कुणी राजकीय नेमणूक म्हणत नव्हते. शिवाय न्यायमूर्तीचे पद होते राजाची मर्जी असेपर्यंत. अशा घडणीत काँग्रेसचा एखादा माणूस आत गेला तर तोल बिघडण्याऐवजी थोडा सावरतच होता. बद्रुद्दिन तय्यबजी १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष, १८९५ पासून मुंबई हायकोर्टात. १८९७ च्या राजद्रोह खटल्यात टिळकांना जामीन दिला तो त्यांनी. शंकरन नायर १८९७ चे काँग्रेस अध्यक्ष, नंतर मद्रास हायकोर्टाचे न्यायमूर्ती. १९१९ साली पंजाबातल्या अत्याचारांनंतर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचा राजीनामा दिला. माणूस कुठून आला यावरून तो कसा वागेल हे ठरत नाही, एवढे या तिघांवरून म्हणता येते.

कारकीर्दीतला सगळ्यांत वादग्रस्त निकाल १९०९ चा. गणेश दामोदर, म्हणजे बाबाराव सावरकर यांना १९०८ साली छापलेल्या कवितांच्या एका छोट्या पुस्तकावरून नाशिकच्या सेशन्स कोर्टाने जून १९०९ मध्ये जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा दिली. अपील चंदावरकर आणि हीटन यांच्यापुढे आले आणि नोव्हेंबरात फेटाळले गेले. निकालपत्राचा मथितार्थ असा: देवांची आणि शिवाजीसारख्या वीरांची नावे ही सबब आहे, खरे सांगणे एकच, सरकार परके व जुलमी आहे म्हणून तलवार उचला आणि ते नष्ट करा.

इथे कायद्याची एक गाठ आहे. आरोप दोन कलमांखाली होता. १२४-अ, म्हणजे राजद्रोह. त्यात दंडापासून जन्मठेपेपर्यंत कोणतीही शिक्षा देता येत होती. दुसरे कलम १२१, राजाविरुद्ध युद्ध करणे किंवा त्याला चिथावणी देणे. त्यात मधली पायरीच नव्हती. फाशी नाहीतर जन्मठेप, वर मालमत्ता जप्त. म्हणजे कविता छापणे ही ‘युद्धाची चिथावणी’ आहे असे एकदा मानले की हात बांधले गेले. कोर्टाने तसे मानले. प्रत्यक्ष युद्ध झाले नसले तरी चिथावणी पुरी होते, असा अर्थ लावला. माझ्या मते तो ताणलेला होता. जनतेला सरसकट दिलेल्या चिथावणीसाठी दंडसंहितेत कलम ११७ वेगळे होते, त्याची शिक्षा तीन वर्षांपर्यंतची, आणि राजद्रोहाचे कलम तर हाताशी होतेच. तिथे थांबता आले असते.

पण आज, शंभराहून अधिक वर्षांनी, मी हे म्हणू शकतो ते कशाच्या जोरावर? निकाल छापलेला आहे. इंडियन लॉ रिपोर्ट्स, मुंबई मालिका, खंड ३४, पान ३९४. कोणत्या शब्दांचा काय अर्थ लावला, कोणते कलम कसे वाचले, सगळे कागदावर आहे. न्यायमूर्ती कुठे चुकला ते बोट ठेवून दाखवता येते.

पुढच्या वर्षी एक पायरी गळाली. १९०८ च्या अखेरीस केलेल्या फौजदारी दुरुस्ती कायद्याने ज्युरी नसलेले, तीन न्यायमूर्तींचे विशेष न्यायासन आणले आणि त्याच्या निकालावर अपील ठेवले नाही. नाशिक कटाच्या खटल्यात मुख्य न्यायमूर्ती बेसिल स्कॉट, चंदावरकर आणि हीटन यांनी डिसेंबर १९१० मध्ये विनायक सावरकरांना जन्मठेप दिली ती याच पद्धतीने. ज्युरी गेली, अपील गेले. तरी कोर्ट उघडे होते, साक्षीदार पिंजऱ्यात उभे राहत होते, बचावाचे वकील हजर होते.

१९१८ मध्ये राहिलेलेही गेले. चंदावरकर मधल्या काळात निवृत्त होऊन थोडे दिवस इंदूर संस्थानचे कारभारी राहून आले होते. बंगालच्या समितीपुढे स्थानबद्धाला वकील नव्हता. साक्षीदाराची उलटतपासणी नव्हती. समोर होती ती पोलिसांची कागदपत्रे आणि स्थानबद्धाचे म्हणणे.

अशा फायलीत काय असते ते पाहिल्याशिवाय ८०० चा आकडा कळणार नाही. खबऱ्यांच्या नोंदी, आधी पकडलेल्या साथीदारांचे जबाब, झडतीत सापडलेले कागद. आता समजा ‘क’ने जबाबात ‘ख’चे नाव घेतले. ‘ग’नेही ‘ख’चेच नाव घेतले. खबऱ्याच्या नोंदीतही ‘ख’ आहे. वाचणाऱ्याला वाटते, तीन बाजूंनी दुजोरा मिळाला. पण ‘ग’चा जबाब घेताना पोलिसांनी ‘क’चा जबाब त्याला वाचून दाखवला होता का? ‘क’ला पकडले तेच मुळी त्या खबऱ्याच्या नोंदीवरून का? तसे असेल तर तीन पुरावे नाहीत, एकाच पुराव्याच्या तीन नकला आहेत. कागदावरून हे कधीच कळत नाही. पिंजऱ्यातल्या माणसाला वकिलाने तारीख, वेळ, हजर कोण होते, असे पाच-सहा प्रश्न विचारले की कळते. पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुराव्यात घ्यायचा नाही, साथीदाराच्या साक्षीला स्वतंत्र आधार पाहिजे, हे नियम पुरावा कायद्यात आले ते याच अनुभवातून. चंदावरकर ते कायदे पाठ असलेले न्यायमूर्ती होते. पण नियम माहीत असणे वेगळे आणि तो चालवायला समोर दुसरी बाजू असणे वेगळे. विरोधी वकील नसेल तर अत्यंत सचोटीचा माणूसही फायलीला प्रश्न विचारत बसत नाही, ती वाचतो. नीट लावलेली, अनुक्रमांक घातलेली, एकमेकींना दुजोरा देणारी कागदपत्रे वाचून त्याचे समाधान होते. तशी ती लावलेलीच असतात.

आणि नेमका हाच धडा मुंबई हायकोर्टाला तीनच वर्षांपूर्वी लंडनहून मिळाला होता. ताईमहाराज प्रकरण मराठी वाचकाला नवे नाही. बाबामहाराज पंडितांच्या मृत्युपत्राप्रमाणे टिळक विश्वस्त; १९०१ साली औरंगाबादेस जगन्नाथाचे दत्तविधान; मग बाबामहाराजांच्या विधवा पत्नी ताईमहाराजांनी ते नाकारले. दिवाणी दाव्यात पुण्याच्या सबजज्जाने १९०६ मध्ये टिळकांच्या बाजूने निकाल दिला. टिळक मंडालेला असताना हायकोर्टाने तो फिरवला. मार्च १९१५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे लंडनमधल्या शेवटच्या अपील कोर्टाने, हायकोर्टाचा निकाल रद्द करून दत्तक कायम केला. लॉर्ड शॉ यांचा मुद्दा साधा होता: साक्षीदार शपथेवर उभा असताना त्याच्याविरुद्ध कागद वापरायचा असेल तर तो त्याला दाखवा, खुलासा करायची संधी द्या, तसे न करता नंतर त्याला खोटा ठरवू नका. उलटतपासणीच्या कायद्यात हा निकाल आजही आधाराला घेतला जातो. हायकोर्टाची चूक दुरुस्त झाली ती कुणी दयाळू होते म्हणून नव्हे. साक्षी लिहिलेल्या होत्या, निकालाची कारणे लिहिलेली होती आणि वर जायला दार होते.

८०६ जणांपैकी कितींना त्यांच्याविरुद्धचा प्रत्येक कागद दाखवून खुलासा मागता आला असता? त्या पद्धतीत ते बसतच नव्हते.

सरकारला या सगळ्यातून जे हवे होते ते मिळाले: दोन न्यायमूर्तींच्या सह्या, त्यांतली एक माजी काँग्रेस अध्यक्षाची. नावाचा असा उपयोग आधीही झाला होता. क्रांतिकारी कटांची चौकशी करायला नेमलेल्या रौलट समितीने आपल्या अहवालात बाबाराव सावरकरांच्या अपिलातला चंदावरकरांचा उतारा घेतला आणि तो लिहिणारा न्यायमूर्ती मराठी जाणणारा होता हे आवर्जून सांगितले. (त्या समितीत बेसिल स्कॉट होतेच.) मार्च १९१९ मध्ये रौलट कायदा आला. त्याच्या एका भागात स्थानबद्धाच्या प्रकरणाच्या चौकशीसाठी तिघांचे मंडळ होते, त्यात दोघे न्यायखात्याचा अनुभव असलेले, चौकशी बंद दाराआड आणि वकिलाला मज्जाव. बंगालच्या समितीसारखाच नमुना कायद्यात आला.

चंदावरकरांना खलनायक ठरवणे सोपे आहे आणि चूक आहे. विठ्ठल रामजी शिंद्यांनी १९०६ साली अस्पृश्यांसाठी निराश्रित साहाय्यकारी मंडळी काढली तेव्हा हायकोर्टाचा हा न्यायमूर्ती तिचा अध्यक्ष झाला. त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती. १९२० साली जालियनवाला बागेवरच्या हंटर अहवालाचा निषेध करायला मुंबईत सभा भरली, तिचे अध्यक्षस्थान त्यांनीच घेतले. १९२१ पासून १४ मे १९२३ ला मृत्यू येईपर्यंत ते नव्या मुंबई कायदेमंडळाचे अध्यक्ष होते. भला, विद्वान, उदारमतवादी माणूस. म्हणूनच त्यांचे उदाहरण घेतले. भुक्कड माणूस ८०० फायलींवर सही करतो तेव्हा दोष माणसावर ढकलता येतो. इथे ती सोय नाही.

यावर एक उत्तर ठरलेले आहे, आणि ते पोकळ नाही. बंगालमध्ये तेव्हा साक्षीदारांचे आणि पोलीस अधिकाऱ्यांचे खून पडत होते. साक्षीदाराचे नाव उघड झाले तर तो मरेल. मग खटला चालवणार कसा? मान्य. पण साक्षीदाराचे नाव झाकणे आणि स्थानबद्धाचा वकील बंद करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीची गरज दाखवून दुसरी नेहमी पदरात पाडून घेतली जाते. नाव झाकून जबाबाचा मजकूर वकिलाला देता येतो; त्याचे प्रश्न लिहून घेऊन मंडळाला ते साक्षीदाराला एकांतात विचारता येतात. अवघड आहे, वेळ लागेल, पण अशक्य नाही.

हे सगळे जुने म्हणून सोडून देता आले असते, पण ती समिती आजही बसते. संविधानाच्या अनुच्छेद २२ नुसार तीन महिन्यांपलीकडे कुणाला प्रतिबंधक स्थानबद्धतेत ठेवायचे तर सल्लागार मंडळाचे मत लागते, आणि मंडळावर हायकोर्टाचे आजी, माजी किंवा तेवढ्या पात्रतेचे लोक लागतात. महाराष्ट्रात रोजच्या बातम्यांत येणारा ‘एमपीडीए’ घ्या, प्रतिबंधक स्थानबद्धतेचा १९८१ चा कायदा, मुळात झोपडपट्टीगुंड, हातभट्टीवाले आणि अमली पदार्थांचे गुन्हेगार यांच्यासाठी केलेला; ‘धोकादायक व्यक्ती’ त्यात नंतर आल्या. पोलीस ठाण्यातून प्रस्ताव निघतो. सोबत गुन्ह्यांची यादी आणि बहुतेक वेळा दोन गोपनीय जबाब, साक्षीदार ‘अ’ आणि साक्षीदार ‘ब’. आयुक्त किंवा जिल्हाधिकारी आदेश काढतात. पाच दिवसांत कारणे द्यायची, बारा दिवसांत शासनाची मंजुरी, तीन आठवड्यांत प्रकरण सल्लागार मंडळाकडे, स्थानबद्ध केल्यापासून सात आठवड्यांत मंडळाचा अहवाल. मंडळ ‘कारण पुरेसे नाही’ म्हणाले तर सोडावेच लागते. ‘पुरेसे आहे’ म्हणाले तर बारा महिन्यांपर्यंत आत.

मंडळापुढे वकील मिळण्याचा हक्क नाही. राष्ट्रीय सुरक्षा कायद्यातही हेच. ए. के. रॉय प्रकरणात सुप्रीम कोर्टाने एवढेच दिले की वकील नसलेला मित्र मदतीला नेता येईल, आणि सरकारने वकील आणला तर स्थानबद्धालाही मिळेल. परजिल्ह्यातल्या जेलमध्ये ठेवलेला माणूस कायद्याच्या कलमांवर बोलू शकणारा, पण वकील नसलेला मित्र कुठून आणणार, हे त्या निकालात सांगितलेले नाही.

लोक म्हणतात, हायकोर्ट आहे ना. आहे, आणि हायकोर्ट असे आदेश रद्दही करते. पण कशावर? शेवटचा गुन्हा आणि आदेश यांत फार दिवस गेले. दिलेल्या प्रती वाचता येत नव्हत्या. कारणे स्थानबद्धाच्या भाषेत दिली नाहीत. गोपनीय जबाबांची खातरजमा अधिकाऱ्याने केली नव्हती. निवेदनावर निर्णय द्यायला उशीर झाला. प्रकरण एखाद्या भांडणाचे होते, सार्वजनिक सुव्यवस्थेचे नव्हते. हे सगळे पद्धतीचे किंवा कायद्याचे दोष. साक्षीदार ‘अ’ खरे बोलला का, हे हायकोर्ट रिट अर्जात तपासत नाही. अधिकाऱ्याचे ‘समाधान’ झाले होते एवढे पाहते. म्हणजे आरोपात तथ्य आहे का हे पाहणारी एकमेव जागा म्हणजे सल्लागार मंडळ, आणि वकिलाला बंदी नेमकी तिथेच. शिवाय अहवालातले अंतिम मत सोडले तर बाकी सगळे गोपनीय. १९०९ च्या निकालासारखे पान ३९४ इथे कधीच छापले जाणार नाही. मार्च २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने तेलंगणाच्या एका प्रकरणात सल्लागार मंडळांनी रबरी शिक्के होऊ नये असे बजावले. पण ज्या खोलीत एकच बाजू बोलते तिथे शिक्का उमटणारच.

म्हणून निवृत्तीनंतरच्या पदांवर बंधन आणा या मागणीला माझा पाठिंबा अर्धाच आहे. १९५८ साली सेटलवाडांच्या विधी आयोगाने सरकारी नोकरीवर बंदी सुचवली होती. त्याच आयोगात बसलेले मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती छागला त्याच वर्षी राजदूत म्हणून वॉशिंग्टनला गेले, यावरून त्या शिफारशीचे काय झाले ते समजावे. नियंत्रक व महालेखापरीक्षकाला संविधान निवृत्तीनंतर सरकारी पद घेऊ देत नाही, न्यायमूर्तीला देते. ही तफावत मिटवावी हे ठीकच. पण उद्या ती मिटली तरी सल्लागार मंडळाची खोली तशीच राहील, कारण तिथे बसणे हे ‘पद’ मानलेच जात नाही.

त्या खोलीत बदल करायचे तर ते बारीक आहेत. स्थानबद्धाला वकील. प्रत्येक माणसामागे पानभर का होईना, लिहिलेली कारणे, साक्षीदारांची नावे गाळून त्याला दिलेली. मंडळाने वर्षात किती प्रकरणे पाहिली आणि किती सोडली याचा आकडा दर वर्षी विधिमंडळापुढे; ८०६ पैकी ६ हे निदान १९१८ च्या सरकारने सांगितले होते. आणि मंडळाची निवड सरकारच्या हातून काढून मुख्य न्यायमूर्तींकडे. यातली शेवटची गोष्ट तर संसदेने केव्हाच करून ठेवली आहे. आणीबाणीनंतरच्या ४४ व्या घटनादुरुस्तीच्या कलम ३ मध्ये लिहिले आहे की मंडळ संबंधित हायकोर्टाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीने बनेल, अध्यक्ष सेवेतला न्यायमूर्ती असेल आणि तीन महिन्यांची मुदत दोनवर येईल. दुरुस्तीवर राष्ट्रपतींची सही एप्रिल १९७९ मध्ये झाली. बाकीची बहुतेक कलमे लागू झाली. कलम ३ केव्हापासून लागू ही तारीख केंद्र सरकारने राजपत्रात छापायची होती. त्यानंतर प्रत्येक पक्षाचे सरकार येऊन गेले, ती तारीख छापलेली नाही.